तीन दिवसांत कुणी पडायलाही शिकत नाही

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिर झालं. तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन आणि चार भाषणं. चारही भाषणांत तुळजाभवानीनं शिवरायांना दिलेली तलवार आली. ती पेलणारं मनगट रोजच्या सरावानं घडतं, हे मात्र एकाही भाषणात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ठोसा, लाथ आणि धरलेला हात सोडवायची एक युक्ती. तिसऱ्या दिवशी समारोप, बॅनरसमोर मुठी वळून फोटो आणि प्रमाणपत्र. चौथ्या दिवशी हॉलला कुलूप. प्रमाणपत्रावर छापलंय, 'यशस्वीरीत्या पूर्ण केले'. आम्ही नक्की काय पूर्ण केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी धाराशिवला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावाहून एसटीनं ये-जा करते. कराटे शीक, ज्युदो शीक असं कुणी म्हटलं की आमच्यातल्या दहाजणींचं उत्तर एकच: वेळ कुठंय? आई तर सरळ विचारते, "अभ्यास करायलीस का कुस्त्या खेळायलीस?" प्राध्यापकांचं मत वेगळं. त्यांच्या मते वेळ भरपूर आहे, तो आम्ही मोबाइलमध्ये घालवतो.

माझा दिवस मांडते, तुम्हीच बघा. पाचला उठून घरातली कामं. आठची बस. दहा ते एक लेक्चर, तीनपर्यंत प्रॅक्टिकल. गावाकडची गाडी साडेपाचला. म्हणजे रोज अडीच तास मी बसस्थानकाच्या बाकावर बसून खरोखरच मोबाइलवर अंगठा फिरवते. त्याच अडीच तासांत कॉलेजचा जिमखाना बंद असतो. मला ठाऊक असलेले शहरातले क्लास सहाला सुरू होतात, माझी गाडी गेल्यावर. मी मोकळी असते तेव्हा दार बंद, आणि दार उघडतं तेव्हा मी गाडीत. याला तुम्ही आमचा आळस म्हणता?

आणि ही विद्या निवांत लोकांचीच आहे, असंही नाही. जिगोरो कानो नावाचा एक जपानी मुलगा अंगानं किरकोळ होता, शाळेत दांडगट पोरांचा मार खायचा. १८७७ मध्ये टोकियो विद्यापीठात शिकत असतानाच त्यानं जुजुत्सू शिकवणारा गुरू शोधून काढला. पदवी घेतली आणि १८८२ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, एका बौद्ध मंदिरात नऊ विद्यार्थी घेऊन स्वतःची शाळा काढली: कोदोकान. जागा बारा चटयांची, आमच्या एका वर्गाहूनही लहान. तिथं घडलेला ज्युदो १९६४ मध्ये ऑलिंपिकला पोचला. कानोकडे फावला वेळ होता असं नाही, पण त्याला एक उघडी खोली आणि रोज येणारी माणसं मिळाली. आम्हाला खोली आहे, फक्त किल्ली नाही.

दुसरा राग पट्ट्यांवर. काळा पट्टा कानोनंच आणला. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगपंचमी पुढे युरोपात रुजली. शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसावी, एवढाच तिचा हेतू. आपल्याकडे काही क्लासांनी तिचं दरपत्रक करून टाकलंय: दर थोड्या महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि नापास कुणीच नाही. त्याच्या जोडीला नोकरीचं गणित. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्याच दारानं बनावट क्रीडा प्रमाणपत्रंही आत आली, ती प्रकरणं गाजली. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण डोळ्यांपुढे ठेवून आमच्याकडची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि निकाल लागला की धावणं सोडतात. दुष्काळी जिल्ह्यात नोकरीचा विचार करू नका, असं सांगणारी मी कोण? एवढंच म्हणते की जे फक्त कागदासाठी केलं, ते कागद हातात पडला की संपतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. माझ्याच मैत्रिणीचा आहे. मुलींनी कराटे शिकावं असं म्हणणं म्हणजे छेड काढणारा मोकळा सोडून जबाबदारी मुलींच्याच गळ्यात बांधणं. अगदी खरं. तीन दिवसांच्या शिबिराचं खरं पाप हेच. फोटो छापून आला की संस्था म्हणायला मोकळी: आम्ही तुम्हाला शिकवलं होतं, आता तुमचं तुम्ही बघा. वर्षभर घाम गाळूनही ७० किलोच्या पुरुषासमोर मी उभी राहणार नाही, वाट मिळेल तिकडे पळेन. प्रामाणिक शिक्षकही हेच सांगतो. रस्ता सुरक्षित ठेवणं हे पोलिसांचं, प्रशासनाचं काम आहे आणि ते त्यांचंच राहील.

मग शिकायचं कशाला? आमच्या गावात तालीम आहे. मुलगा सहावी-सातवीत गेला की तिच्या मातीत उतरतो आणि जत्रेत नारळावरची कुस्ती धरतो. पडतो, उठतो, हसतो. त्याच वयात आम्हाला शिकवलं जातं: ओढणी सावर, पाय जवळ घे, मोठ्यानं हसू नको. त्याचं अंग वाढत जातं, आमचं आकसत जातं. पहिल्यांदा कुणीतरी माझी कॉलर धरली आणि मी तिची धरली, तेव्हा मला कळलं की एकोणीस वर्षांत मी कुणालाही जोर लावून ढकललेलंच नाही. हा जोर वापरायची वेळ कधीच आली नाही तरी चालेल. तो अंगात आहे, हे मला माहीत असायला हवं.

रोजच्या मैदानानं काय होतं, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. खो-खोपटू सारिका काळे इथलीच, अत्यंत गरिबीतून आलेली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. कुठल्या तीन दिवसांच्या शिबिरातून सारिका घडली नाही. मैदान, शिकवणारा माणूस आणि वर्षानुवर्षांचा सराव, यातून ती घडली.

आम्हाला शिकवणारी भेटली ती शेवटच्या वर्षाची एक ताई. शाळेत असताना ज्युदो खेळलेली. हॉलची किल्ली मागायला गेलो तर शिपाईमामा म्हणाले, "वर विचारा." वर विचारलं तर म्हणाले, "अर्ज द्या." तोवर ग्रंथालयामागच्या जागेतले खडे वेचून आम्ही पाचजणींनी सुरुवात केली. पहिला महिना ताईनं फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात जमिनीवर सपाट आपटायचा. आम्ही वैतागलो. लाथ कधी? ती म्हणायची, "आधी पडा."

श्रावणात एका संध्याकाळी एसटीच्या ओल्या पायरीवरून माझा पाय सटकला आणि मी मागं पडले. डोकं जमिनीला लागलं नाही. हनुवटी आपोआप छातीला गेली होती, हात आपोआप आपटला होता. तळवा खरचटला, एवढंच. शिकलेलं पहिल्यांदा कामी आलं ते असं.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. फीची पावती काढा आणि तिच्यावर 'जिमखाना' नावाची ओळ आहे का बघा. असेल तर त्या पैशांचं काय होतं ते विचारा. लेखी अर्ज द्या: आठवड्यातून तीन दिवस, प्रॅक्टिकल संपल्यापासून शेवटच्या सोयीच्या गाडीपर्यंत हॉल उघडा हवा, शिकवणारी व्यक्ती वर्षभर हवी. पोच घ्यायला विसरू नका. आणि पुढच्या वेळी बॅनरसमोर मुठी वळायला बोलावलं, तर चौथ्या दिवशी काय आहे ते आधी विचारा.

आमचा अर्ज तीन आठवडे ऑफिसात पडून आहे. उत्तर येईपर्यंत आम्ही ग्रंथालयामागच्या मातीत पडतोय.