सायकल गेली नाही, घालवली गेली

१/
जुन्या पुण्याचे एखादे कृष्णधवल छायाचित्र दर दोन-तीन महिन्यांनी समाजमाध्यमांवर फिरत येते. रस्ताभर सायकली, टोपी घातलेले कारकून, हँडलला पिशवी अडकवलेले कामगार, मध्येच एखादी मोटार. खाली अभिप्राय दोनच प्रकारचे. एक उसासा: ‘गेले ते दिवस.’ दुसरा हिशेबी: ‘देश सुधारला, लोक सायकलीवरून गाडीवर आले, यात रडायचे काय?’ या धाग्यात मला दोघांशीही भांडायचे आहे.

२/
कारण दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे. सायकल आपोआप गेली, पावसाळा ओसरावा तशी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘आपोआप’ हा शब्द दिसला की थबकावे. त्याच्यामागे बहुधा कुणाचा तरी ठराव, कुणाचे तरी अंदाजपत्रक आणि कुणाची तरी सही दडलेली असते.

३/
आधी रस्त्याची मालकी पाहू. गुळगुळीत रस्ता मोटारीसाठी जन्माला आला, अशी आपली समजूत आहे. ब्रिटनमध्ये रस्ते सुधारा म्हणून १८८६ साली जी संघटना उभी राहिली, ती सायकलस्वारांच्या मंडळांनी काढली होती. त्या वर्षी जर्मनीत कार्ल बेन्झला मोटारगाडीचे पेटंट जेमतेम मिळत होते. अमेरिकेतली ‘चांगल्या रस्त्यांची चळवळ’ही सायकलस्वारांच्या संघानेच आरंभली. हवेचे टायर डनलॉपने १८८८ साली बनवले ते आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. हेन्री फोर्डची १८९६ ची पहिली गाडी तर सायकलीच्या चार चाकांवरच उभी होती. मोटार या घरात भाडेकरू म्हणून आली आणि पुढे मालकालाच पायरी उतरायला सांगू लागली.

४/
आपल्याकडचा पुरावाही हाताशी आहे. डनलॉपचे टायर आले त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान सुरू झाले. नांगर, चरकाची यंत्रे, पंप, किर्लोस्करवाडी हे सारे नंतरचे. ज्या उद्योगघराण्याच्या नावाने महाराष्ट्राचे औद्योगिकीकरण शिकवले जाते, त्याचा पहिला व्यवहार सायकलीचा होता. परीक्षेत हा प्रश्न सहसा येत नाही.

५/
भाषाही साक्ष देते. सायकलीला मराठीत ‘पायगाडी’ म्हणत आणि ‘दुचाकी’ही म्हणत. आज ‘दुचाकी’ म्हटले की पेट्रोलवर चालणारे वाहन डोळ्यांपुढे येते. ‘दुचाकी आणि सायकल’ असे जोडीने लिहिलेले वाचले की मला नेहमी नवल वाटते. जणू सायकलीला दोन चाके नसतात. माणसाचे घर गेले तर निदान नाव उरते, हिचे नावही गेले.

६/
आता ठरलेला टोमणा: ‘सायकलवाले रस्त्याचा कर भरतात का?’ भरत होते. आपल्या नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तो बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसला तर दंड, रात्री दिवा नसला तर दंड, डबलसीट सापडलात तर दंड. ज्या वाहनाने ना धूर सोडला ना रस्ता खचवला, त्याच्याकडून कर वसूल झाला. पुढे त्याच रस्त्यावरची त्याची जागा काढून घेताना कुणी तो परत केल्याचे ऐकिवात नाही.

७/
‘हिशेबी’ मंडळींचा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. शहर पसरले, अंतरे वाढली. बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून आकुर्डीत स्कूटर बनवायला घेतली. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९७२ साली चेतक आली, त्याच वर्षी लूना. ओझे वाहून ज्यांचे पाय थकले होते, त्यांना स्कूटर म्हणजे सुटका होती. कामावर जाणाऱ्या कितीतरी स्त्रियांना लूनाने बसथांब्यावरच्या ताटकळण्यातून सोडवले. (लूनाला पायडल होते, हे आजच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. आमच्या शहराने सायकल एका झटक्यात टाकली नाही. आधी तिला इंजिन लावून पाहिले.)

८/
लोकांनी स्कूटर घेतली म्हणून मी त्यांना दोष देत नाही. माझा प्रश्न नगररचनेला आहे. स्कूटर घेणारा एक गट वाढला, तेव्हा सायकलीवर उरलेल्या मोठ्या गटाचे काय करायचे, याचा निर्णय कुणी, कधी घेतला?

९/
तो एका ठरावाने झाला नाही, शंभर किरकोळ ठरावांनी झाला. एकेरी मार्गांचे उदाहरण घ्या. लक्ष्मी रस्ता एकेरी झाला की स्कूटरस्वाराला वळसा पडतो, पण तो वळसा तो मनगट पिळून फेडतो. सायकलस्वाराला तो मांड्यांनी फेडावा लागतो, रोज, दोन वेळा. सिग्नलचा वेळ मोटारीच्या वेगाने मोजला जातो. उड्डाणपुलाचा चढ इंजिन गृहीत धरून बांधतात. रस्ता रुंद करायचा म्हणून झाडे पाडली की कारचे छत शाबूत राहते, सायकलस्वाराचे छत जाते. यातल्या एकाही निर्णयात ‘सायकल बंद’ असे शब्द नाहीत. तरी सर्वांची बेरीज तीच.

१०/
हे केवळ आपल्याकडे घडले असेही नाही. अमेरिकेत सिनसिनाटी शहरातल्या ४२,००० नागरिकांनी १९२३ साली मागणी केली की मोटारींना ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न देणारे यंत्र बसवणे सक्तीचे करावे. रस्त्यावर मुले मरत होती. मोटारविक्रेत्यांनी विरोधात जंगी मोहीम चालवली आणि मतदानात तो प्रस्ताव पडला. मोटारउद्योगाने त्यातून धडा घेतला: गाडीला लगाम घालू द्यायचा नाही, माणसाला घालायचा. शहरात चालण्याची रीत न कळणाऱ्या गावंढळासाठीचा ‘जेवॉकर’ हा हिणकस शब्द तेथे प्रचारात आणला गेला, कायद्यातही शिरला. शतकानुशतके रस्ता ओलांडणारा माणूस काही वर्षांत गुन्हेगार झाला.

११/
यावर कुणीतरी ‘नेदरलँड्सची गोष्ट वेगळी, ते लोक जन्मतः सायकलवाले’ असे लिहील. अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या आणि सायकली घटल्या. १९५४ साली ॲमस्टरडॅमच्या पोलीसप्रमुखाने मोटारींना वाट करून देण्यासाठी शहरातले कालवे बुजवावेत अशी योजना मांडली होती. १९६७ साली योकिनेन नावाच्या अमेरिकी नियोजकाने शहराच्या पोटात महामार्ग घुसवण्याचा आराखडा दिला. आज पर्यटक ज्या काठांवर छायाचित्रे काढतात, तेथे वाहनतळ व्हायचे होते.

१२/
वाचवले कुणी? संतप्त आईबापांनी. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अपघातात गेली. १९७२ मध्ये त्याने लेख लिहिला, मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. त्याने ‘अपघात’ म्हटले नाही, ‘हत्या’ म्हटले. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवून त्यांवर मुले खेळवली. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही महिने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांना आपले रस्ते मोकळे कसे दिसतात ते दिसले. १९७५ साली सायकलस्वारांची संघटना झाली. त्याच सुमारास तिलबर्ग आणि हेग येथे सरकारी पैशाने सायकलमार्गांचे पहिले प्रयोग झाले. अलीकडे तेथे वर्षाला सातशेच्या आसपास माणसे रस्त्यावर दगावतात. त्याच हवेत, त्याच मातीत. बदलला तो रस्ता.

१३/
हवेचा विषय निघालाच आहे, तर ‘आपल्याकडे ऊन फार’ या युक्तिवादाचाही निकाल लावू. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ऊन पडत नव्हते काय? खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा कामगार कोणत्या वातानुकूलित सायकलीवरून जात होता? त्याच्या डोक्यावर झाडे होती आणि मागून ट्रक नव्हता, एवढाच फरक. तो फरक हवामानखात्याच्या अखत्यारीत येत नाही.

१४/
आणि सायकल गेली हे तरी कुठे खरे? ती आपल्या नजरेतून गेली. २०११ च्या जनगणनेत भारतातल्या ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, कार, जीप किंवा व्हॅन ४.७ टक्के कुटुंबांकडे. म्हणजे कारवाले शंभरात पाचही नव्हते, आणि रस्त्याचा आराखडा त्यांच्या मापाने! याला मी विकास म्हणत नाही. जुन्या मराठीत यासाठी ‘वतनदारी’ असा चांगला शब्द आहे.

१५/
वतनदारी कशी बोलते ते कोलकात्यात ऐकू आले. २०१३ साली तेथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. कारण काय, तर वाहतूक मंदावते. दूधवाला, पेपरवाला, मजूर, हातमालाचा फेरीवाला सायकलीवरून जातात ती वाहतूक नव्हेच. त्यांच्यामुळे जी खोळंबते ती वाहतूक. पुढे विरोध झाला, यादी आखडली, पण मूळ विचार शाबूत राहिला.

१६/
उसासे टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. तुमच्या छायाचित्रात बायका किती दिसतात ते मोजा. सायकलीचा माझ्या मते सर्वांत मोठा पराक्रम तुमच्या ‘त्या दिवसां’त घडलेला नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने सायकल शिकवणे हाती घेतले आणि ग्रामीण स्त्रिया हजारोंनी सायकलीवर बसल्या. २००६ पासून बिहारने नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटली. घर आणि शाळा यांमधले अंतर ही फक्त भूगोलाची बाब नव्हती. सायकल ही म्हाताऱ्यांची आठवण नाही, ती अजून कुणाच्या तरी नववीच्या वर्गाची चावी आहे.

१७/
आता पुन्हा पुणे. २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने कागदावर मान्य केले की वाहने नव्हे, माणसे हलवायची आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातली पहिली बीआरटी पुण्यात सुरू झाली, सोबत सायकलमार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने स्वतंत्र सायकल आराखडा मंजूर केला. आज ते मार्ग शोधून दाखवा. रोहित्र, कचऱ्याचा ढीग, उभ्या मोटारी, मग अचानक फूटपाथची पायरी. मी रोज सायकलीने ग्रंथालयात जाते आणि सायकलमार्ग दिसला की रस्त्याच्या मध्याकडे सरकते. ते अधिक सुरक्षित असते.

१८/
पैसा नव्हता, हे कारण मात्र सांगू नका. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवतात ना? जेमतेम दीड दशक वापरून २०२० साली ते पाडले, कारण मेट्रोसह नवा दुमजली पूल उभारायचा होता. बांधण्याला पैसा होता, पाडण्यालाही होता. त्या पुलांना कुणी ‘गेले ते दिवस’ म्हटले नाही.

१९/
आणि यावर ‘तू सायकल चालव, कुणी अडवले आहे?’ असे उत्तर येईल. २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. अडवण्यासाठी दर वेळी फलकच लावावा लागतो असे नाही.

२०/
एक काम वाचकांसाठी. सायकलकराचा इतिहास लिहायचा तर साधने विखुरलेली आहेत, आणि भंगारात रोज वितळत आहेत. घरात, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत जुना बिल्ला, पावती किंवा दंडाची चिठ्ठी असेल तर तिचे छायाचित्र या धाग्याखाली द्या. नगरपालिकेचे नाव, वर्ष आणि क्रमांक वाचता येईल असे काढा. बिल्ला घासून चकचकीत करू नका. कोरलेले अंक पुसट होतात.