मुक्काम हावडा: दोष हाताचा की काडतुसाचा?

हावड्याला माझं काम म्हणजे गाड्या आणि माणसं. पूर्वेकडे जाणारे जवान इथे उतरतात, सुट्टीवर निघालेले इथून चढतात. मधल्या वेळात कुणाचं वॉरंट हरवतं, कुणाचं तिकीट कन्फर्म होत नाही, कुणाची ट्रंक दुसऱ्याच फलाटावर राहते. पुण्याची आझाद हिंद किंवा मुंबईची गीतांजली लागली की कान आपोआप टवकारतात. एवढ्या गोंगाटात "अगं, पिशवी घेतलीस का?" असं काही ऐकू आलं तरी बरं वाटतं.

महिन्याभरापूर्वी अशाच एका संध्याकाळी एक बाप-लेक दिसले. मुलगी सोळा-सतराची, हातात लांब काळी पेटी. रायफलची पेटी ओळखायला मला दोनदा बघावं लागत नाही. तपासणीवाल्यांना कागद दाखवताना भाषेची अडचण झाली होती, म्हणून मी मध्ये पडलो. कागद सगळे नीट होते. माणूस कोल्हापूरकडचा, दोन एकर ऊस. एका स्पर्धेहून परत चालले होते आणि गाडीला तीन तास अवकाश होता. चहा मागवला. मुलगी गप्पच होती. बाप म्हणाला, "साहेब, लई तयारी केली हुती. पर हितं येऊन सगळं इस्कटलं. पोरीचा हात हलतोय म्हणत्यात."

मी टार्गेटचे फोटो मागितले. मोबाईलवर तिने दाखवले. छिद्रं आडवी फारशी पसरलेली नव्हती, उभी पसरली होती. एक वर नवात, एक खाली आठात, मध्येच दोन दहात. मी विचारलं, "सरावाची काडतुसं आणि स्पर्धेतली एकाच लॉटची होती का?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. क्लबने जाताना दोन नवे डबे दिले होते. लॉट नंबर हा प्रकार त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

त्या मुलीचा दोष मला अजून माहीत नाही. पण तो न तपासता तिच्या हातावर टाकून मोकळं होणं चूक आहे, आणि ही चूक आपल्याकडे क्लबपासून पलटणीपर्यंत सगळीकडे होते.

अमेरिकेत शेताची नासधूस करणारे छोटे प्राणी मारायला बारीक कॅलिबरची रायफल वापरतात. निशाणा मुठीएवढा, अंतर दोन-तीनशे मीटर. त्यामुळे तिथले हौशी लोक काडतूस स्वतः भरतात. खोका, टोपी, दारू आणि गोळी वेगवेगळी आणायची, दारू तोलायची, गोळी किती आत बसवायची ते ठरवायचं, आणि आपल्या नळीला काय मानवतं ते शोधत बसायचं. आपल्याकडे हे चालणार नाही. काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं, आणि रानडुकराने कितीही ऊस लोळवला तरी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. पलटणीत तर मिळालेल्या राउंडला हात लावायचा प्रश्नच नाही. पण त्या मंडळींची एक गोष्ट मला मनापासून पटते. ग्रुप बिघडला की ते स्वतःला शिव्या द्यायच्या आधी वही उघडतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि लिहून ठेवायचं.

गंमत म्हणजे हे खूळ आपल्यापासून फार लांबचं नाही. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीने .२२२ नावाचं काडतूस काढलं, ते अशाच शिकारीसाठी आणि अचूकतेच्या स्पर्धांसाठी. त्याच घराण्यातून पुढे ५.५६ मिलिमीटरचं लष्करी काडतूस आलं, आणि ते आपण इन्सासमधून वर्षानुवर्षं झाडलं. इन्सास बनवणारी ईशापूरची रायफल फॅक्टरी इथून हुगळीच्या पलीकडच्या काठाने वर गेलं की लागते. दमदमही इथेच. ज्या फुटणाऱ्या गोळीवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली तिचं नाव या दमदमवरूनच पडलं.

आता .२२ कडे येतो, कारण मुलीच्या हातात तीच रायफल होती. .२२ चं काडतूस घरी भरता येतच नाही. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो, वेगळी टोपी नसते, एकदा काठ चेपला की खोका संपला. म्हणजे नेमबाजाला बदलता येतो तो फक्त लॉट. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस, पण लॉट वेगळा असेल तर एकाच नळीतून वेगळं वागतं. एका रायफलीला जो लॉट मानवला तो शेजारच्या रायफलीला मानवेलच असंही नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या रेंजवर जातात, ती शिकंज्यात घट्ट बसवतात, एकेका लॉटचे दहा-दहाचे ग्रुप काढतात आणि जमला तो लॉट वर्षभराचा उचलतात.

आकडे सांगतो, म्हणजे हा श्रीमंती चोचला वाटणार नाही. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. मॅचचं काडतूस सेकंदाला साधारण ३२५ मीटरने सुटतं. त्यात दोन गोळ्यांच्या वेगात ५ मीटरचा फरक पडला तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने एक गोळी दुसरीपेक्षा सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते. हात दगडासारखा स्थिर असला तरी! फरक १० मीटरचा झाला की दहाच्या वर्तुळाचा तीन-चतुर्थांश भाग काडतुसानेच खाल्ला. आणि हा फरक उभा दिसतो, आडवा नाही. म्हणून मी त्या मुलीच्या टार्गेटकडे बघून थबकलो होतो. अर्थात उभा पसारा श्वास चुकल्यानेही होतो. पडून गोळी मारताना छाती वर-खाली झाली की मक्खी वर-खाली होते. फोटोवरून यातलं काय ते कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही.

याच प्रकाराच्या आडव्या पवित्र्यातल्या स्पर्धेत २०१२ साली लंडनला कोलकात्याचा जॉयदीप कर्माकर चौथा आला. कांस्यपदक १.९ गुणांनी गेलं. २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ४५१.४ गुणांवर कांस्य आणलं तेव्हा आमच्या मेसमध्ये पेढे वाटले गेले. तिथे दशांश मोजतात. आणि आपण जिल्ह्याच्या पोराला मिळेल तो डबा देतो आणि म्हणतो, हात हलतोय.

यावर जुने उस्ताद काय म्हणतात ते मला पाठ आहे. नाचता येईना अंगण वाकडं. पोरांना सबबी शिकवू नका. मी पण हेच म्हणायचो, म्हणूनच पुढचं लिहितो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका डोंगरातल्या पोस्टिंगवर युनिटच्या फायरिंग टीमची निवड माझ्याकडे होती. साताऱ्याकडचा एक जवान, नुकता दोन वर्षांच्या सर्विसचा, सरावात पाचही राउंड एका चहाच्या बशीत टाकायचा. ट्रायलच्या दिवशी त्याचा ग्रुप फुटला. दुसऱ्या दिवशी परत फुटला. मी सगळ्यांसमोर त्याला दोन शब्द सुनावले आणि नाव कापलं. तो "राम राम साहेब" म्हणून बाजूला झाला. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी अॅम्युनिशनचं रजिस्टर चाळत होतो. त्या दिवशी नवी पेटी फोडली होती, लॉट वेगळा. त्या पेटीतून राउंड मिळालेले चौघे होते आणि चौघांचेही ग्रुप नेहमीपेक्षा मोठे होते. झिरोइंग सगळ्यांचं जुन्या लॉटवर झालेलं. रजिस्टरवर सही माझीच होती. तोपर्यंत तो पोरगा ड्रायव्हरच्या कोर्सला गेला होता आणि नेमबाजी सुटली होती.

मागच्या वर्षी तो नाईक होऊन सुट्टीवर जाताना हावड्याला भेटला. मी त्याला सांगितलं. म्हणालो, चूक माझी होती. तो हसला. "साहेब, मला तेव्हाच शंका आलती. पण बोललो असतो तर सबब सांगतोय वाटलं असतं."

उस्तादांना माझं उत्तर एवढंच आहे. पोरगं सबब सांगतंय का खरं बोलतंय हे ओरडून कळत नाही, रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून कळतं. दुसऱ्या चांगल्या हाताने, त्याच रायफलीतून, दोन लॉटचे दहा-दहा राउंड मारा. दोन्ही ग्रुप सारखे आले तर दोष हाताचा, मग खुशाल रगडा त्याला. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष हाताचाच निघतो. पण उरलेल्या पोरांचं काय?

आणि दहाच राउंड का, तर तीन राउंडचा ग्रुप फसवतो. एकाच काडतुसाचा तीनचा ग्रुप सरासरीने दहाच्या ग्रुपच्या दोन-तृतीयांशापेक्षाही छोटा येतो. तीन-तीनचे पाच ग्रुप काढले की त्यातला एखादा नशिबाने इतका सुंदर येतो की माणूस त्याचा फोटो काढून मिरवतो. लॉट बदलला की पहिले दहा-पंधरा राउंड मोजूही नका. .२२ च्या गोळीला मेण लावलेलं असतं, आधीच्या मेणाचा थर जाऊन नळी स्थिरावायला तेवढे लागतात. आणि डबा उन्हात ठेवू नका. कोलकात्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या डब्याचं काय होतं ते मी पाहिलंय, मेण बोटाला लागतं.

खूळ मलाही लागलं होतं. .२२ च्या काडतुसाच्या काठाची जाडी मोजून सारख्या जाडीची काडतुसं वेगळी काढतात, असं वाचलं होतं. बेलिलियस रोडला लेथचे कारखाने ओळीने आहेत. हावड्यात लोखंडाचं काहीही बनवून मिळतं. एका मिस्त्रीदादाला कागदावर आकृती काढून दिली, त्याने डायल गेज बसवून असं यंत्र बनवलं की काठ मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतो. कशासाठी, असं त्याने विचारलं नाही, फक्त चहा पाजला. इथल्या एका लायसन्सधारक बंगाली मित्राची पाचशे काडतुसं आम्ही दोन रविवार मोजत बसलो. तिसऱ्या रविवारी त्याने ती झाडली. फरक पडला, पण डोळ्यात भिंग घालून बघावा एवढा. चौथ्या रविवारी त्याने दुसरा लॉट लावला आणि ग्रुप सरळ तीन-चतुर्थांश झाला. यंत्र आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे.

तेव्हा जिल्ह्याच्या क्लबांकडे माझं मागणं छोटं आहे. नावाजलेल्या नेमबाजांना आयातीची सवलत आहे, त्यांचं भागतं. पहिल्या पायरीवरच्या पोरांचं काय? १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारे ग. वा. मावळंकर मूळचे आपल्या कोकणातले, त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून आपली पोरं राष्ट्रीय पातळीवर जातात. त्या स्पर्धेआधी तरी क्लबने खरेदी केलेल्या लॉटचे दहा-दहा राउंड प्रत्येक रायफलीतून झाडून बघावेत, जमलेला लॉट त्या पोरासाठी बाजूला ठेवावा, आणि स्कोअरच्या कागदावर लॉट नंबरचा रकाना छापावा. खर्च किती? एका पोराच्या प्रवासाच्या तिकिटाहून जास्त नाही. पलटणीत तर पैसेही लागत नाहीत, ग्रुपिंगच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवायचाय.

गाडी सुटायच्या आधी मी हे सगळं त्या बापाला तिकिटाच्या मागे लिहून दिलं. मुलगी पहिल्यांदाच बोलली, "काका, जुन्या डब्यातले सत्तावीस राउंड उरल्यात घरी."

परवा त्याचा फोन आला. वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून क्लबमधल्या एका जुन्या नेमबाजाने दोन्ही लॉट मारून बघितले होते. नव्या डब्याचे दहा राउंड उभेच पसरले, जुन्याचे दहा एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले. आता जुन्या डब्यातले थोडेच उरलेत, आणि तो लॉट आणखी कुणाकडे मिळतो का, ते विचारत बाप जिल्हाभर फिरतोय. वाचकांपैकी कुणी नेमबाज असेल आणि क्लबच्या कपाटात जुने डबे पडले असतील, तर त्यावरचा नंबर वाचून मला कळवा. मी त्याच्याकडचा नंबर लिहून घेतलाय.