द्राक्षबागांचे शेजारपण

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई-नाशिक प्रवासाचा वेळ आणखी घटला. त्याचबरोबर नाशिक परिसरात घर असावे, तेही द्राक्षबागेच्या शेजारी असावे, या इच्छेनेही बळ धरले आहे. गंगापूर धरणाच्या परिसरातील गोवर्धन, सावरगाव या गावांकडे सुटीच्या दिवशी ज्या मोटारींच्या रांगा लागतात, त्यांतील सर्वच मंडळी केवळ वाइनच्या ओढीने येत नाहीत. अनेकांच्या मनात एखादा भूखंड, एखादा टुमदार बंगला घोळत असतो. या ओढीत निंद्य असे काही नाही. परंतु ती ज्या गोष्टीवर जडली आहे, तीच गोष्ट या ओढीपायी नाहीशी होण्याचा धोका आहे आणि त्याची दखल शासनाने अद्याप गंभीरपणे घेतलेली नाही.

द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशांचे आकर्षण कशात असते? केवळ मद्यात नव्हे; ते मुंबईच्या दुकानातही मिळते. फ्रान्समधील बर्गंडी असो, इटलीतील तोस्काना असो की आपले दिंडोरी-निफाड असो, तेथे माणसाला मोह पडतो तो राखलेल्या, निगुतीने जोपासलेल्या भूमीचा. रानाचे सौंदर्य निसर्गाचे असते. द्राक्षबागेचे सौंदर्य निसर्ग आणि श्रम या दोघांचे असते. एका रेषेत उभ्या वेली, डोंगरउतारापर्यंत गेलेले मांडव आणि डोळ्यांसमोर फिरणारे ऋतूंचे चक्र हे शहरवासीयाला दुर्मीळ झाले आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्याकडे ती झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी असे दोन संस्कार तिच्यावर होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरील थंड रात्रींत घड भरत जातात आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते. हे सारे रोज पाहत जगावे, असे एखाद्याला वाटले तर नवल नाही.

मात्र हे दृश्य आयते मिळालेले नाही. निफाडमध्ये पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करणारा, भुरी आणि केवडा या रोगांच्या भीतीने ढग दिसताच फवारणीला धावणारा, फेब्रुवारीतील एका गारपिटीने वर्षाचे उत्पन्न गमावणारा बागाईतदार ते निर्माण करतो. द्राक्षांचा भाव त्याला मिळतो. दृश्याचे मोल त्याला कोणी देत नाही. ते मोल मिळते जमीन विकणाऱ्या दलालाला, भूखंड पाडणाऱ्या विकासकाला आणि बंगल्याची किंमत पुढे वाढेल या हिशेबाने पैसे गुंतवणाऱ्याला. शिवाय द्राक्षबाग पाहण्यासाठी बांधलेला प्रत्येक बंगला द्राक्षबागेचा एक तुकडा खातो. पहिल्या दहा जणांना जे दर्शन घडते, ते शंभराव्याला घडत नाही. त्याच्या गच्चीवरून नव्व्याण्णवाव्याची गच्ची दिसते.

हा पेच इतरांनी फार पूर्वी ओळखला. स्वित्झर्लंडमधील व्हो राज्यात जिनिव्हा सरोवराच्या काठी लाव्हो नावाचा द्राक्षप्रदेश आहे. आकाशातला सूर्य, सरोवरातून परावर्तित होणारा सूर्य आणि दगडी बांधांत साठलेली ऊब अशा तीन सूर्यांवर तेथील द्राक्षे पिकतात, असे तेथे म्हटले जाते. तेथे बांधकामे सरसावू लागली, तेव्हा फ्रान्झ वेबर या पर्यावरणवाद्याच्या पुढाकाराने प्रश्न मतदारांपुढे गेला आणि १९७७ मध्ये त्यांनी या भूमीच्या संरक्षणाच्या बाजूने कौल दिला. पुढे २००७ मध्ये युनेस्कोने लाव्होला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. सॅन फ्रान्सिस्कोची वाढ खोऱ्याच्या तोंडाशी येऊन ठेपली असताना तेथील जिल्हा प्रशासनाने १९६८ मध्ये खोऱ्यातील जमीन शेतीसाठी राखून ठेवली आणि वीस एकरांहून लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. पुढे ही मर्यादा चाळीस एकरांवर नेण्यात आली. आपल्या जमिनीचे भूखंड पाडण्याचा हक्क गेला म्हणून अनेक मालकांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. आठ वर्षांनी, १९७६ मध्ये, पॅरिसमधील चाचणीत नापाच्या वाइननी नामांकित फ्रेंच वाइनना मागे टाकले आणि खोऱ्याचे नाव जगभर झाले. तेथे कायदा आधी आला, कीर्ती मागून आली. नाशिकमध्ये कीर्ती आली आहे. कायद्याचा पत्ता नाही.

आपल्याकडे शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, करात सवलती दिल्या, विंचूर येथे वाइन पार्क उभारले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सारे स्वागतार्हच होते. परंतु या धोरणाने कारखान्याचा विचार केला, भूमीचा केला नाही. मागणीचे अंदाज २००८ नंतर कोसळले, तेव्हा अनेक लहान वायनरी अडचणीत आल्या आणि वाइनच्या जातींची लागवड केलेल्या शेतकऱ्यांना बागा तोडाव्या लागल्या. कारण ही द्राक्षे फळबाजारात खपत नाहीत. सवलती उद्योगाला आणि जोखीम बागाईतदाराला, अशी ही वाटणी होती. अशा शेतकऱ्याने भूखंडवाल्याची थैली पाहून सही केली, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

म्हणूनच केवळ बंदीने हा प्रश्न सुटणार नाही. शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे. कर्ज फेडायचे असो की मुलीचे लग्न करायचे असो, जमीन हाच त्याचा विमा आहे. शहरी पाहुण्याच्या डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून त्याने आपला विमा गमवावा, असे सांगणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्नियाने १९६५ च्या कायद्याने जमीन शेतीखाली ठेवण्याचा करार करणाऱ्यास मालमत्ताकरात सूट दिली. आपल्याकडे शेतजमिनीवरील कर मुळातच नगण्य असल्याने ही वाट खुली नाही. तेव्हा वेगळा मोबदला शोधावा लागेल. परिसरातील रिसॉर्टे, सुटीतली घरे आणि वाइन-पर्यटन यांच्यावर स्वतंत्र अधिभार बसवून त्याचा निधी जमीन शेतीखाली राखण्याचे वचन देणाऱ्या बागाईतदारांना द्यावा. गारपीट आणि अवकाळी पावसापासून बचाव करणारी आच्छादने, पीकविम्याचा हप्ता यांसाठी तो खर्ची पडावा. जो दृश्याचा उपभोग घेतो, त्याने दृश्याचे मोल द्यावे, हे तत्त्व सरळ आहे.

बागाईतदारामागे उभा असलेला मजूर तर या चर्चेत येतच नाही. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून येणाऱ्या टोळ्या छाटणी, विरळणी, तोडणी ही कामे उरकतात आणि बागेच्या कडेला कशाबशा राहतात. नापातही घरांच्या किमती मजुरांच्या आवाक्याबाहेर गेल्या. तेव्हा तेथील बागाईतदारांनी २००२ मध्ये स्वतःवर एकरी पट्टी बसवून मजूर-निवासांना हातभार लावला. ज्या प्रदेशात पाहुण्याला तरणतलाव मिळतो आणि वेल छाटणाऱ्याला पाण्याचा नळ मिळत नाही, त्या प्रदेशाच्या रमणीयतेचे कौतुक जपूनच करावे. गोदावरीच्या पाण्यावर नाशिक शहर, शेती आणि खालचा मराठवाडा यांचे आधीच दावे आहेत. त्यांत विलासी वापराला कोणते स्थान, हेही ठरवून टाकले पाहिजे.

येथे राहायला येणाऱ्यांवरही एक बंधन आहे. द्राक्षप्रदेश म्हणजे संध्याकाळचा पेला नव्हे. पहाटे चारचा फवारणी यंत्राचा आवाज, औषधाचा वास आणि शेकोटीचा धूरही त्यात आला. फ्रान्समध्ये खेड्यात राहायला गेलेल्या शहरी मंडळींनी कोंबड्याच्या आरवण्यावरूनही शेजाऱ्यांना न्यायालयात खेचले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदा करावा लागला. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

वाइन प्यावी की न प्यावी, हा वाद जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधील विक्रीच्या निर्णयावरून पुरेसा रंगला. तो येथे अप्रस्तुत आहे. नाशिकच्या द्राक्षांचा फार मोठा हिस्सा खाण्यासाठीच पिकतो. प्रश्न भूमीचा आहे. दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतील निवडक पट्टे द्राक्षशेतीसाठी राखून तेथे बिनशेती परवाने थांबवावेत, नवी घरे गावठाणाच्या लगत बांधू द्यावीत आणि या निर्बंधाची भरपाई शेतकऱ्याला द्यावी. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे किफायतशीर क्षेत्र टिकावे यासाठी होता. शेतीच टिकावी यासाठी आज नव्या कायद्याची गरज आहे. बाग तोडायला एक दिवस पुरतो. पण त्या जागी एकदा पाया खोदला गेला, की ती जमीन पुन्हा वेलीकडे वळत नाही. मानांकनाच्या कागदावर मग नाशिकचे नाव उरेल. त्या नावाखाली दाखवायला बाग उरणार नाही.