तीन दोष आणि जेवण

आंब्याच्या बागायतदाराला "यंदा कसे काय?" असे विचारू नये. उत्तर ठरलेले असते. मोहोर भरपूर आला असेल तर "आलाय, पण टिकेल तर खरे." टिकला असेल तर "टिकलाय हो, पण भाव कुठे आहे?" आणि भावही मिळाला असेल, तर तो गृहस्थ एकदम विषय बदलून तुमच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करू लागतो. खरे काय ते ऐकायचे असेल तर एकच उपाय आहे. चार-पाच बागायतदारांना एका गाडीत कोंबावे आणि एकमेकांच्या बागा पाहायला न्यावे.

आमच्या रत्नागिरीकडे अशी एक टोळी आहे. पितृपक्ष आटोपला, पाऊस ओसरला, की तीन दिवस ही मंडळी बाहेर पडतात. नेवऱ्याचे तात्या, गुहागरचे अण्णा, पावसचे नाना, देवगडचे भाऊ आणि सर्वांत धाकटा पूर्णगडचा बाळ. सहावा मी. मला बाग नाही. अंगणात एक हापूसचे कलम आहे, ते एक वर्ष फळते आणि एक वर्ष रुसते. तरी भाऊ माझी ओळख करून देताना "हे आमच्यातले मोठे बागायतदार, यांच्या बागेत मजूर लागत नाहीत" असे सांगतात. मला नेतात ते पेट्रोलचा हिशेब लिहायला, आणि भांडणाला एखादा तिऱ्हाईत साक्षीदार असावा म्हणून.

या दौऱ्याचा नियम मोठा गमतीचा आहे. पाहुण्यांनी यजमानाच्या बागेत तीन दोष काढायचे आणि यजमानाने जेवण होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. हात धुतल्यावर काय ते उत्तर द्यावे. अण्णा म्हणतात, पोट भरले की माणूस निम्मे आरोप आपणहून मान्य करतो.

यंदा आरे-वारेच्या समुद्रकाठाने निघालो. तात्यांच्या बागेत भुरीपासून कुंपणापर्यंत सगळ्यांवर तोंडसुख घेऊन, जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि पलीकडे तवसाळला उतरून गुहागर गाठले. अण्णांची बाग जुनी, वडिलांच्या हातची. त्या काळची भेटकलमे, आता आभाळाला टेकलेली. नानांनी वर पाहता पाहता टोपी सावरली.

"अण्णा, हा आंबा उतरवायला गडी नको, बंबवाले बोलवा!"

"नाही तर विमान," तात्या म्हणाले.

अण्णा नियमाप्रमाणे गप्प. जेवण झाल्यावर म्हणाले, "छाटून बुटके करा म्हणून दापोलीची माणसे कधीची सांगताहेत. नूतन झेलाही त्यांचाच आणलाय. पण झेल्याची काठी पोचते तिथवर आंबा माझा, त्यावरचा वडिलांचा. वडिलांच्या मानेवर करवत चालवायला हात धजत नाही." यावर कोणी हसले नाही. पण हात धुऊन परत आलेल्या तात्यांनी "मग निदान वडिलांचा तरी उतरवा, दर वर्षी खाली पडून फुकट जातो," असे म्हटले आणि अण्णाच आधी हसले.

दुसऱ्या दिवशी परत खाली येऊन, भाट्याचा पूल ओलांडून पावसला आलो. नानांची बाग म्हणजे वानरांचे संस्थान. वानर आंबा नुसता खाईल तर एक वेळ परवडेल. तो एक चावा घेतो, तोंड वाकडे करतो आणि दुसरा तोडतो. फळ धरल्यापासून मेअखेरपर्यंत नाना राखणीला माणसे ठेवतात. त्यांतली बरीचशी नेपाळची. भाऊंनी दोष काढला, "वानरांना नेपाळी कळत नाही, म्हणून जात नाहीत." नानांनी जेवणानंतर उत्तर दिले, "वानर चोरतो, पण वर आडत तरी कापत नाही!" या वाक्यावर सर्वांनी एकमुखाने मान डोलावली. दलालाची पट्टी हातात पडल्यावर कोकणात जे मौन पसरते, ते ज्याने पाहिले आहे त्यालाच या वाक्याची गोडी कळेल.

तिसऱ्या दिवशी देवगडला जाताना वाटेत पूर्णगड लागले. बाळ म्हणाला, "माझ्याकडे परतताना." गाडी पुढे गेली आणि गाडीत दर वर्षीचा खटला उभा राहिला.

"आमच्या आंब्याची साल बघा, कागदासारखी पातळ," भाऊ म्हणाले.

"पातळ म्हणूनच वाशीला पोचेपर्यंत फाटते," नाना म्हणाले. "आणि 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तुम्ही आमच्याच जिल्ह्यात होता. तुमच्या आजोबांचा आंबा रत्नागिरीचाच!"

"गप रव मेल्या!" भाऊंना राग आला की मालवणी येते.

अण्णांनी निवाडा दिला. "2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांना मिळून. सरकारने तुम्हांला एका ताटात बसवलेय. तुम्ही कोकमाच्या वाटीवरून भांडत बसा. तिकडे कर्नाटकातला आंबा तुमच्या नावाच्या खोक्यात बसून मुंबईला हिंडतो." खटला पुढल्या वर्षापर्यंत तहकूब झाला.

भाऊंची बाग कातळावरची. 1990 साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली, तेव्हा सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि कोयकलमे लावली. आज ती भरात आहेत. "दाट लावलीत, झाडे एकमेकांच्या खिशात हात घालताहेत," एवढा एकच दोष सापडला. उरलेले दोन उधार ठेवून परत फिरलो.

दिवस कलता कलता पूर्णगडला पोचलो. गाडीतून उतरताना नाना काही तरी बोलणार होते, ते बोलले नाहीत. बाळची दोनशे कलमे. ऐन उमेदीतली. पण फांद्यांची पेरे आखडलेली, शेंड्याला पालवीचे झुपके अंगठ्याएवढे, काही झाडांचे शेंडे वाळलेले. बागायतदाराला सांगावे लागत नाही. पॅक्लोब्युट्राझॉल. वाढीचे संप्रेरक अडवणारे औषध. झाडाची वाढ थांबते आणि मोहोर लवकर, दर वर्षी येतो. औषध वाईट नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पण ती मोजून. झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला 3 मिलिलिटर, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि जोडीला खत वाढवून. येथे औषध वाढले होते आणि खत कोणी घातले नव्हते. बाग कराराने दिलेली होती. झाडे बाळची, हंगाम करारवाल्याचा. भाड्याच्या घोड्याला दाणा कोण घालतो?

पडवीत पाने मांडली. बाळच्या आईने घावन-घाटले केले होते. कोणी दोष सांगेना. शेवटी बाळच म्हणाला, "बोला ना! तीन दिवस मी तुम्हां सर्वांना हसलो, आता माझी पाळी. नियम नियम आहे."

अण्णांनी पानावरून नजर उचलली नाही. "पहिला दोष. झाडे मुकी, म्हणून त्यांना न विचारता दिलीस. दुसरा. आम्ही मुके नव्हतो, आम्हांलाही विचारले नाहीस." मग बराच वेळ थांबून, "तिसरा. घाटल्यात गूळ कमी आहे."

आतून आवाज आला, "गूळ बेताचाच घातलाय अण्णा. तुमची रक्तातली साखर गावभर माहीत आहे!"

हशा झाला आणि त्या हशात बाळ बोलून गेला. मे 2021 च्या तौक्ते वादळात तयार फळ जमिनीवर आले, फांद्या मोडल्या, सोसायटीचे कर्ज उभेच. म्हणून बाग कराराने दिली. करार यंदा संपला. बाग अशी हातात आली. आता जमिनीचा एजंट दोनदा येऊन गेला आहे. वरच्या बांधावरून समुद्र दिसतो, म्हणून दर चांगला सांगतो. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

"समुद्र दिसतो तो आम्हांला का दाखवला नाहीस?" भाऊ म्हणाले. "असो. दोन ट्रक शेणखत पाठवतो. फुकट नाही. आंबा येईल तेव्हा पहिली पेटी माझी. आणि मी रत्नागिरीचा आंबा खाल्ला, हे बाहेर कळता कामा नये." नानांनी दोन गडी दहा दिवस देऊ केले, "हवी तर वानरेही नेऊन ठेव." छाटणीचे जाणते माणूस दापोलीहून आणायचे तात्यांनी अंगावर घेतले. कोणी 'मदत' हा शब्द उच्चारला नाही. तो उच्चारला असता तर बाळने नको म्हटले असते.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना एक सांगावेसे वाटते. फेब्रुवारीत बाजारात आलेली पहिली पेटी घरी नेण्यात आपल्याला मोठा आनंद असतो. ती साऱ्याच वेळी झाडाला पिळून आणलेली असते असे नव्हे. पण लवकरच्या आंब्याला आपण जो चढा भाव देतो, त्या भावापायी कुठे तरी एखादे झाड चार वर्षांचे फळ दोन वर्षांत देऊन बसते. पेटी देवगडची की रत्नागिरीची हे दुकानदाराला जरूर विचारा. आंबेवाल्यांनाही तो वाद प्रिय आहे. पण एप्रिलपर्यंत थांबता आले तर थांबावे. अक्षय्य तृतीयेचा आंबा काही कमी गोड नसतो.

बाळने एजंटाला काय सांगितले ते हा अंक छापायला जाईपर्यंत कळलेले नाही. झाड सावरायला महिने पुरत नाहीत, वर्षे लागतात, आणि कर्जाला तेवढा धीर नसतो. मात्र शेणखताचे ट्रक पोचले, एवढे कळले. पुढल्या वर्षीच्या दौऱ्याचा पहिला मुक्काम पूर्णगडलाच ठरला आहे. भाऊंनी आतापासून बजावले आहे की, त्या वेळी सवलत मिळणार नाही, दोष पुरते तीन काढले जातील. आणि घाटल्यात गूळ वाढवावा, असा अण्णांचा निरोप आहे.