विज्ञान त्यांचे, प्रश्न आपले

"ते सायन्सवाल्यांचे काम, आपल्याला त्याचे काय?" हे वाक्य कला शाखेच्या वर्गात इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते कोणाला खटकतही नाही. काव्य, इतिहास, अर्थशास्त्र हा आपला प्रांत आणि प्रयोगशाळा हा दुसऱ्यांचा, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. परंतु २०११ ते २०२० या दशकातील विज्ञानाची वाटचाल पाहिली, म्हणजे ही वाटणी यापुढे टिकणार नाही, असे मला वाटते.

या दशकाची कमाई मोठी आहे. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेत हिग्ज बोसॉन सापडल्याचे जाहीर झाले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळेने गुरुत्वीय लहरी टिपल्या; अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. हे सारे अभिमानास्पद आहे. पण या शोधांनी 'हे करावे की करू नये?' असा पेच आपल्यासमोर टाकला नाही. तो टाकला 'क्रिस्पर'ने.

विषाणूंशी लढण्यासाठी जीवाणूंनी निसर्गतःच एक युक्ती साधलेली आहे. शत्रूच्या डीएनएमधील नेमकी जागा हुडकायची आणि ती कापायची. ही युक्ती हवी तशी वळवून कोणत्याही जनुकावर वापरता येईल, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. जीवसृष्टीच्या पोथीत खाडाखोड करण्याची लेखणीच जणू माणसाच्या हाती आली.

लेखणी हाती आली म्हणजे ती कोण, कशासाठी चालवतो, हा प्रश्न आलाच. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे ज्यानक्वी या संशोधकाने जाहीर केले, की आपण भ्रूणावस्थेतच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. एचआयव्हीची बाधा होऊ नये हा त्याचा उद्देश. जगभर गदारोळ उठला आणि २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. भ्रूणात केलेला बदल पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो. ज्यांचा जन्मही झालेला नाही, त्यांची संमती कोणी घ्यायची? याचे उत्तर कोणत्या परीक्षानळीत मिळणार?

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, क्रिस्परने त्यांत बदल करून, त्या पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. म्हणजे वेदनेवर उपाय सापडला! पण अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. उपाय आहे आणि रुग्णही आहे. मध्ये उभी आहे ती पैशाची भिंत.

आता सांगा, हा विषय केवळ जीवशास्त्राचा राहिला का? किंमत कोणी व कशी ठरवावी, हे अर्थशास्त्राने सांगायचे. 'उत्तम वंश' घडवण्याच्या नादाने काय अनर्थ झाले, हे इतिहासाने सांगायचे. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा उचलून धरला होता आणि १९३३ मध्ये जर्मनीने तसाच कायदा केला, याचे स्मरण ठेवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच काम आहे. आणि गोंडी बोलणाऱ्या आईला तिच्या मुलावरचा उपचार समजेल अशा शब्दांत सांगणे, हे काम भाषेचे नव्हे तर कोणाचे?

यावर कोणी म्हणेल, विज्ञान न शिकलेल्यांनी त्यात तोंड घालणे हा उथळपणा होय. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आधी समजून घेतले पाहिजे आणि मग बोलले पाहिजे. पण समजत नाही म्हणून गप्प बसणे हाही शहाणपणा नव्हे. आपण गप्प बसलो, तर निर्णय व्हायचे थांबणार नाहीत; ते आपल्याला न विचारता होतील, एवढेच.

एक साधी सूचना करावीशी वाटते. आपल्या वाङ्मय मंडळाने दरवर्षी निदान एक व्याख्यान विज्ञानाच्या अभ्यासकाचे ठेवावे, आणि नंतरचा तासभर प्रश्न विचारण्याचा मान कला शाखेच्या विद्यार्थ्यांना द्यावा. प्राध्यापकांनीही हे मनावर घ्यावे. शोध कोणी लावायचा ते ज्याच्या त्याच्या व्यासंगावर अवलंबून आहे. पण त्या शोधाबरोबर जगायचे आहे ते आपणा सर्वांना!