रोध शिकवताना गल्लीचं उदाहरण जरा थांबवा

शिक्षक मित्रांनो, 'विद्युतप्रवाहाला होणारा विरोध म्हणजे रोध' ही व्याख्या मुलं पटकन पाठ करतात. मग आपण गल्लीचं उदाहरण देतो. पाचूबंदरच्या मुलांना ते लगेच पटतं, कोळीवाड्यातल्या अरुंद गल्ल्या त्यांच्या पायाखालच्याच. गल्ली लांब आणि अरुंद, तर चालणं अवघड. तार लांब आणि बारीक, तर रोध जास्त. इथवर ठीक. पण पुढची भर मुलं स्वतःच घालतात. गल्लीत काही माणसं अडकतात, म्हणजे थोडी वीज रोधातच संपते आणि उरलेली दिव्याकडे जाते! ही समजूत एकदा बसली की नववीत ओहमचा नियम शिकूनही निघत नाही, असं मला वाटतं.

म्हणून आधी वस्तू हातात द्या. २ सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, तारा आणि उभी चिरून शिसं उघडं केलेली मऊ पेन्सिल (६बी मिळाली तर उत्तम). शिसं म्हणतो आपण, असतं ते ग्राफाइट आणि माती. त्यावर तारेचं टोक सरकवत न्या. मधलं अंतर वाढलं की बल्ब मंद होतो. आता खरी गंमत. पेन्सिल बल्बच्या अलीकडे जोडली होती, ती तेवढ्याच अंतरावर तारा ठेवून पलीकडे जोडा. करण्याआधी वर्गाला अंदाज विचारा. बरेच हात 'आता जास्त उजेड पडेल' म्हणून वर जातील. उजेड तेवढाच पडतो! एकाच वाटेच्या परिपथात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. रोध वाढला की सगळ्या वाटेवरच कमी होतो. 'मग सेल का संपतो?' असं कुणी विचारलं तर त्याला शाबासकी द्या. संपते ती सेलमधली ऊर्जा, आणि तिचीच उष्णता व उजेड होतो.

यानंतर पदार्थाचा मुद्दा सोपा जातो. तितक्याच लांबी-जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा नायक्रोमच्या तारेचा रोध साधारण ६० पट असतो, म्हणून शेगडीत नायक्रोम आणि घरच्या वायरिंगला तांबं.

आपल्याकडे आणखी एक उदाहरण आयतं आहे. खाऱ्या हवेनं बोटीच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढतो, दिवा मिणमिणतो आणि नाखवा ती टोकं घासून साफ करतो. थर म्हणजे वाढलेला रोध. मुलांनी हे पाहिलेलं असतं, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं.

आणि 'रोध म्हणजे वाईट' असंही ठसू देऊ नका. कोरड्या कातडीचा रोध आपल्याला थोडाफार वाचवतो. मासळी धुताना हात खाऱ्या पाण्यानं भिजले की तो खूप कमी होतो, बोर्डातले २३० व्होल्ट मात्र तेवढेच राहतात. पेन्सिलचा प्रयोग फक्त सेलवरच करायचा, घरच्या प्लगला कधीच नाही, हे त्याच तासाला सांगा आणि मुलांकडून वदवून घ्या.