कोकणातील बेने इस्रायल : देशांतर कोणाच्या सोयीचे?

अलिबागच्या इस्रायल आळीतील ‘मागेन आबोथ’ हे सिनेगॉग आजही उभे आहे. ज्यू धर्माच्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. हा दहाचा आकडा कोकणातील बहुतेक गावांत आता भरत नाही. २०११ च्या शिरगणतीत साऱ्या महाराष्ट्रात अवघे २,४६६ ज्यू नोंदले गेले. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा बहाल केला. तो योग्यच होता. मात्र १९५१ साली देशात सव्वीस हजारांच्या घरात असलेला समाज १९७१ च्या शिरगणतीत सहा हजारांच्याही खाली कसा आला, हा प्रश्न दर्जा बहाल करणाऱ्यांनी विचारला नाही.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर धर्माचे : दोन हजार वर्षांची ओढ होती, हाक आली आणि लेकरे घरी गेली. दुसरे उत्तर राष्ट्राभिमानाचे : भारतात ज्यूंना कधी कोणी छळले नाही, तेव्हा त्यांच्या जाण्याचा दोष आपल्याकडे नाही. यांपैकी दुसरे खरे आहे. युरोपात ज्यूंची वाताहत झाली, तशी कोकणात कधी झाली नाही, आणि याचे श्रेय शेजारधर्म पाळणाऱ्या आगरी, कोळी, मुसलमान, कुणबी कष्टकऱ्यांना आहे. पण छळ झाला नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ज्याला कोणी हाकलले नाही तो माणूसही घर का सोडतो, हे पाहावे लागते.

बेने इस्रायल हे मुळात कोकणातले तेली. नवगावजवळ गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेचा काळ कोणताही असो, घाणा मात्र इतिहासातला आहे. शनिवारी तो बंद राही, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर ही आडनावे म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील गावांची यादीच होय. घरात बोली मराठी. पेसाखची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह छापली गेली आणि ज्यूंच्या कथांवर मराठीत कीर्तनेही झाली. अशा समाजाला ‘परदेशी’ म्हणणारा मनुष्य मराठीही जाणत नाही आणि इतिहासही.

घाण्याचा धंदा तेलाच्या गिरण्यांनी मोडला. तत्पूर्वीच कंपनी सरकारच्या फौजेत बेने इस्रायलींची भरती सुरू झाली होती. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्याच फौजेतील होते. पुढे मिशनरी शाळांतून शिक्षण मिळाले आणि टपाल, कस्टम, रेल्वे, इस्पितळ, सरकारी कचेऱ्या यांत हा समाज शिरला. थोडे लोक वर चढले. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. बाकी बहुसंख्य मात्र मर्यादित पगाराचे कारकून, कारागीर, परिचारिका आणि शिक्षिका होते. साम्राज्यशाहीने छोट्या समाजांना असेच आपल्या यंत्रणेत एका कोनाड्यात बसवले. यंत्रणा बदलली की कोनाडा जातो. १९४७ नंतर नेमके तेच झाले. नोकऱ्या थोड्या, उमेदवार फार, आणि जमीन वा भांडवल यांपैकी हाती काही नाही. या मध्यमवर्गीय असुरक्षिततेवर ज्यू एजन्सीने प्रवासखर्चाचे तिकीट ठेवले. धर्माची हाक पूर्वीही होतीच. तिला तिकीट मिळाल्यावर ती ऐकू आली.

ज्यांनी ते तिकीट घेतले त्यांना काय मिळाले, याचा हिशेब आपल्याकडे फारसा मांडला जात नाही. बेरशेबा, दिमोना, लोद अशा नव्या, बहुधा आडबाजूच्या वसाहतींत त्यांना वसवण्यात आले. कचेरीत बसलेल्या हातांना मजुरी आणि गिरणीकाम आले. गोऱ्याला पांढरा पाव आणि ‘काळ्याला’ काळा पाव, ही त्या काळची त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. १९५१ च्या अखेरीस बेने इस्रायलींच्या एका गटाने तेल अवीवमध्ये एजन्सीच्या दारात ठाण मांडले. मागणी एकच होती : आम्हांला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये त्यांपैकी शंभरावर लोक खरोखरच परतले. त्यांतील अनेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले, हेही नमूद केले पाहिजे. इथे परतून पोट भरणे किती कठीण होते, हेच त्यावरून दिसते.

दहा वर्षांनी अपमानाने धर्माचा पोशाख घातला. बेने इस्रायलींशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा फतवा मुख्य रब्बींनी काढला. अलिबागेत पिढ्यान्पिढ्या शनिवार पाळणाऱ्याला आता आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावे लागणार होते! १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे क्नेसेटला ठराव करून त्यांना पूर्ण ज्यू म्हणावे लागले. ‘सर्व ज्यूंचे एक घर’ या घोषणेखाली रंगाच्या आणि कामाच्या पायऱ्या किती होत्या, हे या लढ्याने उघड केले.

जगाच्या नकाशावर हे एकटे उदाहरण नाही. १९५०-५१ मध्ये इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास ज्यू विमानांनी उचलून नेण्यात आले. त्याच देशातील असीरियन ख्रिस्त्यांची १९३३ मध्ये सिमेले येथे कत्तल झाली. २००३ च्या अमेरिकी आक्रमणाने त्यांचा आधार मोडला आणि २०१४ मध्ये निनवेच्या मैदानातून ‘इसिस’ने त्यांना पळवून लावले. तिथे तलवार होती, कोकणात नव्हती. तरी साम्य आहे ते असे की, छोटा समाज जातो तेव्हा त्याच्या जाण्याचा उपयोग करणारा कोणी तरी मोठा हात मागे असतो.

आज तो हात वेगळ्या दिशेने पसरला आहे. जबलपूर जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या तहसिलींतून गोंड आणि कोल मजूर रोजगारासाठी गाव सोडतो, तेव्हा त्याला कोणी पुरातन ओढ चिकटवत नाही. तो भुकेला आहे, हे सर्वांना ठाऊक असते. आणि २०२३ च्या ऑक्टोबरनंतर इस्रायलने पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने रोखले, तेव्हा बांधकामावरील त्यांची जागा भरण्यासाठी याच भुकेकडे पाहिले गेले. जानेवारी २०२४ मध्ये हरियाना आणि उत्तर प्रदेशात भरती झाली. रोहतक आणि लखनौ येथे रांगा लागल्या. परीक्षा होती ती सळई वाकवण्याची, फरशी बसवण्याची आणि गिलावा करण्याची. प्रमुख केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच या व्यवहाराला विरोध नोंदवला होता. दुसऱ्या देशाच्या हाकललेल्या कामगाराची रोजी आपल्या बेकार तरुणाच्या हाती देणे म्हणजे दोघांनाही एकमेकांविरुद्ध उभे करणे होय, ही त्यामागची भूमिका सर्वस्वी रास्त होती. सरकारने ती ऐकली नाही.

४ मार्च २०२४ रोजी लेबनॉनच्या सीमेनजीक मार्गालियोत येथे फळबागेवर क्षेपणास्त्र पडले. त्यात केरळहून मजुरीला गेलेला एक तरुण ठार झाला आणि त्याच्याबरोबरचे आणखी दोघे भारतीय जखमी झाले. त्यानंतरही भरती थांबली नाही.